सरकीवरची लव आणि बंदुकीची दारू

दिवाळीच्या आगेमागे गेवराई तालुक्यात, चकलांबा-उमापूरच्या पट्ट्यात, शिवारं पांढरी होतात. वेचलेला कापूस जिनिंगवर जातो. तिथे रुई आणि सरकी यांची फारकत होते. रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात आणि सूतगिरणीच्या वाटेला लागतात. सरकी तेलाच्या कारखान्याकडे, पेंडीकडे जाते. इथवरचा हिशेब कापूस पिकवणाऱ्या प्रत्येक घराला पाठ असतो. पुढचा हिशेब फारसा कुणी सांगत नाही.

जिनिंगमधून आलेला सरकीचा एक दाणा उजेडात धरून पाहा. त्याच्यावर अजून बारीक लव शिल्लक असते. चांगल्या रुईचा धागा २८-३० मिलिमीटर लांब असतो, ही लव जेमतेम काही मिलिमीटर. सूत कातायला ती निरुपयोगी. पण तेल गाळण्याआधी यंत्राने ती खरवडून काढतात, तिला बाजारात लिंटर म्हणतात, आणि शुद्ध केल्यावर ती जवळजवळ निव्वळ सेल्युलोज असते. त्यातून कागद होतो, फिल्म होते, रंग-लाखेचे पदार्थ होतात. आणि जगभरच्या दारूगोळा कारखान्यांत याच लवेपासून बंदुकीची धूरविरहित दारू तयार होते. रायफलीच्या काडतुसात जे जळते ते मुळात कापसाच्या झाडाने सरकीला पांघरायला दिलेले असते, हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा कापसाच्या पिकाकडे पाहण्याची माझी नजरच बदलली.

आता खरी गंमत. कापूस हा शेतातला जिन्नस. पहिल्या वेचणीचा कापूस आणि फरदडीचा कापूस यांत किती फरक असतो हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. कोरडवाहूचा वेगळा, पाण्याखालचा वेगळा, काळ्या रानातला वेगळा, मुरमाड माळावरचा वेगळा. पण बंदुकीला असला कोणताही फरक चालत नाही. गेल्या वर्षीच्या काडतुसाने गोळी जितक्या वेगाने सुटली तितक्याच वेगाने ती यंदाच्या काडतुसाने सुटली पाहिजे. इतक्या लहरी कच्च्या मालातून इतका काटेकोर पक्का माल निघतो कसा? याचे एक मोठे उत्तर आहे: मिसळून. एकाच दारूचे वेगवेगळे लॉट एकमेकांत मिसळून. ऐकायला हे अगदी साधे वाटते. खोलात गेले की त्यात रसायन, गणित आणि दाण्यांचा एक विलक्षण स्वभाव असे सगळे सापडते.

स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात ख्रिस्तियान शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने १८४६ मध्ये जाहीर केले की आम्लांची प्रक्रिया केलेला कापूस दिसायला तसाच राहतो, पण पेटला की धूर न करता क्षणात नाहीसा होतो. युरोपातल्या सैन्यांचे डोळे चमकले. कारखाने उभे राहिले आणि उडालेही. इंग्लंडमधल्या फेव्हरशॅम इथला कारखाना १८४७ मध्येच स्फोटात उद्ध्वस्त झाला. दोष कापसाच्या अंगचाच होता. कापसाचा तंतू भरीव नसतो, आतून पोकळ नळीसारखा असतो. त्या नळीत अडकलेले आम्ल वरवर धुऊन निघत नाही. ते आत बसून कापसाला हळूहळू कुजवते आणि एक दिवस सगळे पेट घेते. फ्रेडरिक एबल या इंग्रज रसायनज्ञाने १८६५ च्या सुमारास यावर उपाय काढला: तंतू पाण्यात कुटून त्याचा लगदा करायचा, म्हणजे नळ्या तुटतात आणि आम्ल धुऊन जाते.

हा उपाय सुरक्षिततेसाठी होता, पण त्याने नकळत दुसरे एक दार उघडले. लगदा झाल्यावर वेगवेगळ्या घाण्यांचा माल मोठमोठ्या टाक्यांत पाण्याखाली एकत्र घुसळता येऊ लागला. सुट्या तंतूंची अशी एकजीव मिसळ करणे जमण्यासारखे नव्हते. मिसळण्याची पहिली पायरी ही अशी पाण्यात पडली.

पुढे १८८४ मध्ये पॅरिसमध्ये पॉल व्हिएय यांनी त्या लगद्याला द्रावकात भिजवून त्याचा कणकेसारखा गोळा केला, तो लाटला, कापला, वाळवला. तंतूचा मागमूस राहिला नाही. हाती आले शिंगासारखे कडक, चिवट दाणे. आजची बंदुकीची दारू म्हणजे हेच दाणे: कुठे चकत्या, कुठे गोल मण्यांसारखे, कुठे बारीक शेवेचे तुकडे करावेत तसे. तोफेसाठीचे दाणे बोटाएवढे आणि त्यांना आरपार सात छिद्रे.

दाण्याच्या आकाराला इतके महत्त्व का? दारू उडते असे आपण म्हणतो, पण काडतुसातली दारू खरे तर जळते. दाणा बाहेरून आत, थराथराने जळत जातो. गियोम पिओबेर या फ्रेंच तोफखाना अधिकाऱ्याने १८३९ मध्येच हे मांडले होते. म्हणून दाणा किती जाड यावर तो किती वेळ जळेल हे ठरते. रायफलीत हा सगळा खेळ सेकंदाच्या एक-दोन हजारांश भागांत संपतो, आणि त्यात एक धोक्याचे चक्र आहे. दाब वाढला की दाणे अधिक वेगाने जळतात, वेगाने जळले की दाब आणखी वाढतो. दाणा केसाच्या जाडीपेक्षाही कमी फरकाने पातळ निघाला, वाळवताना द्रावक थोडे अधिक उडून गेले, दाण्यावरचा जळणे मंदावणारा लेप थोडा कमी बसला, हवेतला दमटपणा वेगळा होता, की हा एवढासा फरक त्या चक्रात पडून मोठा होतो. त्यामुळे एकाच कारखान्यात, त्याच यंत्रांवर, त्याच माणसांनी, तोच कागद समोर ठेवून बनवलेले दोन लॉट हुबेहूब सारखे निघत नाहीत. दोन डब्यांवर एकच नाव असते, पण लॉट क्रमांक वेगळे असतात, आणि जाणकार माणूस आधी क्रमांक पाहतो.

या फरकाशी जुळवून घेण्याच्या दोन तऱ्हा जगात रुळल्या आहेत. काडतुसांचा मोठा कारखाना दारू घाऊक घेतो. त्याच्याकडे दाब आणि वेग मोजायची साधने असतात. नवा लॉट आला की तो चाचणीसाठी झाडून पाहतात आणि प्रत्येक काडतुसात किती दारू भरायची याचे माप त्या लॉटपुरते बदलतात. लॉट थोडा मंद असेल तर दारू किंचित जास्त, जलद असेल तर किंचित कमी. इथे लॉट बदलला तरी चालते, कारण माप बदलायला माणूस आणि यंत्र हजर आहे.

दुसरी तऱ्हा सुट्या डब्यांची. अमेरिकेत आणि इतर काही देशांत नेमबाज आणि शिकारी वापरलेल्या पितळी पुंगळ्यांत नवी टिकली, नवी दारू, नवी गोळी बसवून काडतुसे पुन्हा भरतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनी कॅन्ससमध्ये सैन्याकडची शिल्लक दारू विकत घेऊन अशा लोकांना विकायला सुरुवात केली, आणि या छंदाचा मोठा व्यापार झाला. या माणसांच्या हाती तराजू असतो, दाब मोजायचे यंत्र नसते. ती छापील पुस्तकातल्या मापावर विसंबतात. म्हणजे दहा वर्षांपूर्वी छापलेले माप आज घेतलेल्या डब्यालाही लागू पडले पाहिजे. हे साधायचे तर दारूच जागची हलता कामा नये.

म्हणून कारखाना एक मानक लॉट जपून ठेवतो. नव्या लॉटचा नमुना जाड पोलादी बंद पात्रात जाळतात, दाब कसा चढत गेला याची रेषा काढतात आणि ती मानकाच्या रेषेशी ताडतात. समजा मानकाला १०० म्हटले आणि नवा लॉट १०३ निघाला, म्हणजे थोडा जलद. तो फेकून देत नाहीत. कोठारात आधीच काही जलद आणि काही मंद लॉट याच कामासाठी बाजूला काढलेले असतात. त्यांतला ९७ चा लॉट काढून दोन्ही सारख्या प्रमाणात मिसळले की मिश्रण १०० च्या जवळ येते. पुन्हा जाळून पाहतात, पुन्हा ताडतात. चुकलेला जलद आणि चुकलेला मंद मिळून एक बरोबर होतो. सूतगिरणीतही हेच चालते. तिथे मिक्सिंग खात्यात अनेक गावांच्या, अनेक जिनिंगच्या गाठी ओळीने मांडतात आणि प्रत्येक गाठीतून थोडा थोडा कापूस ओढून घेतात, म्हणजे सुताचा दर्जा महिनोन्‌महिने एकसारखा राहतो. एकाच बोंडातली रुई आणि लव दोन वेगळ्या दिशांना गेली, तरी दोघींना शेवटी एकाच नियमाने सरळ केले जाते.

हा नियम गणितात फार देखण्या रूपात येतो. एकमेकांशी संबंध नसलेले चढउतार एकत्र केले की त्यांची सरासरी स्थिर होत जाते, आणि किती स्थिर होते याचे माप म्हणजे संख्येचे वर्गमूळ. चार लॉट सारखे मिसळले तर एका मिश्रणापासून दुसऱ्या मिश्रणापर्यंतची डगमग निम्मी होते. सोळा मिसळले तर पाव. शंभर मिसळले तर दहावा हिस्सा.

हेच गणित एका काडतुसाच्या आत उतरवले की मी तरी थक्क होतो. ७.६२ मिलिमीटरच्या लष्करी रायफलीच्या काडतुसात साधारण ३ ग्रॅम दारू असते. शेवेच्या तुकड्यासारखा एक दाणा ०.८ मिलिमीटर जाड आणि १.३ मिलिमीटर लांब धरला तर त्याचे वजन सुमारे एक मिलिग्रॅम भरते. म्हणजे एका काडतुसात जवळपास तीन हजार दाणे. तीन हजारांचे वर्गमूळ ५४ ते ५५. एकेक दाणा आपल्या जागी दहा टक्क्यांनी कमीजास्त असला, तरी तीन हजारांच्या मुठीत ती चूक ०.२ टक्क्यांच्या खाली येते. गोळी सेकंदाला आठशे मीटरहून अधिक वेगाने निघते आणि पुढची गोळीही जवळपास त्याच वेगाने, ते या बेशिस्त दाण्यांच्या बळावर. एकही दाणा अचूक नसताना त्यांची मूठ अचूक असते.

मात्र एक अट आहे. प्रत्येक मूठ साऱ्या राशीतून, कुठलाही पक्षपात न होता उचललेली हवी. डब्याच्या तळाशी एक लॉट आणि वर दुसरा, असे नुसते ओतून ठेवले तर पहिली पन्नास काडतुसे एका स्वभावाची आणि पुढची पन्नास दुसऱ्या स्वभावाची होतील. म्हणजे प्रश्न येऊन ठेपतो तो मिसळावे कसे यावर.

दाणे मिसळणे हे पाणी मिसळण्याइतके सोपे नाही. एका पारदर्शक बरणीत निम्मी बाजरी आणि निम्मी तूर घाला, झाकण लावा आणि बरणी टेबलावर हलके हलके आपटत राहा. सुरुवातीला दोन्ही छान मिसळल्यासारखे दिसतील. थोड्या वेळाने तूर वर येऊ लागेल आणि बाजरी खाली बसेल. बरणी हलते तेव्हा दाण्यांमध्ये क्षणभर फटी पडतात. बारीक बाजरी त्या फटींत घसरते, जाड तूर घसरू शकत नाही. मिसळण्यासाठी दिलेला प्रत्येक धक्का इथे वेगळे करण्याचे काम करतो. तुम्ही जितका नेट लावाल तितकी फारकत वाढते.

जपानी संशोधक योशितोशी ओयामा यांनी १९३९ मध्ये याहून चमत्कारिक गोष्ट नोंदवली. दोन आकारांचे दाणे भरलेले आडवे पिंप सतत फिरवत ठेवले, तर काही काळाने दाणे पिंपाच्या लांबीवर आपोआप पट्टे पाडून बसतात: एक पट्टा जाड दाण्यांचा, एक बारीक दाण्यांचा. आपण पिंप फिरवतो ते मिसळायला, आणि ते माल निवडून हाती देते. हे असे का होते यावर पदार्थविज्ञानाचे अभ्यासक अजूनही काम करत आहेत.

एकाच दारूचे लॉट मिसळता येतात आणि दोन निराळ्या दारू मिसळता येत नाहीत, त्याचे एक कारण या बरणीत आहे. एकाच दारूच्या सगळ्या लॉटांचे दाणे आकाराने, घनतेने, लेपाने सारखे असतात. एकदा नीट मिसळले की ट्रकच्या धक्क्यांनीही ते एकमेकांना सोडत नाहीत, कारण वर कुणी यायचे आणि खाली कुणी जायचे हे ठरवणारा फरकच त्यांच्यात नसतो. दोन वेगळ्या नावांच्या दारूंचे मात्र वाटेतच तूर-बाजरी होते. त्यात एखादी पिस्तुलाची, पातळ चकतीची, झटक्यात जळणारी दारू रायफलीच्या दारूत गेली आणि प्रवासात एका जागी गोळा झाली, तर एखाद्या काडतुसात तिचाच भरणा होतो. दाबाचे ते चक्र मग बंदुकीच्या पोलादालाही आवरत नाही. डब्यांवरची नावे दिसायला मिळतीजुळती असली, क्रमांक तोच असला, तरी कंपनी वेगळी असेल तर ती दारू वेगळीच, हे काडतुसे भरणाऱ्यांना पहिल्या दिवशी शिकवतात. दारू तीच पण लॉट नवा असेल, तरी जुने कमाल माप तसेच पुढे न नेता खालच्या मापापासून पुन्हा चढत यावे, हा त्यांचा दुसरा धडा.

कारखान्यांनी धक्के आणि रगड टाळून मिसळण्याची एक सुंदर तऱ्हा शोधली आहे. उंच मनोरा बांधतात. वरच्या मजल्यावर वेगवेगळ्या लॉटांची दारू स्वतंत्र कोठ्यांत भरतात आणि खाली सोडतात. वाटेत नळ्या फुटत जातात, प्रवाह दुभंगतात, पुन्हा जुळतात. तळाशी जमलेला माल परत वर नेऊन परत सोडतात. काम सगळे गुरुत्वाकर्षणाचे. दाण्यावर दाणा घासून स्थिर वीज साठू नये म्हणून दाण्यांना ग्रॅफाइटचा मुलामा दिलेला असतो; बंदुकीच्या दारूचा तो काळसर चमकदार रंग कापसाचा नाही, या मुलाम्याचा.

दारू सारखी आहे का, ही चिंता धूरविरहित दारूच्या फार आधीची. चकलांबा ज्या गेवराई तालुक्यात आहे त्याच तालुक्यात, गोदावरीकाठी, राक्षसभुवनला १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेला हरवले. नदी पुराने फुगली होती, निजामाचे सैन्य दोन तीरांवर विभागले गेले होते आणि अलीकडे राहिलेला त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर त्या लढाईत मारला गेला. त्या काळची दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू, आणि श्रावणातली हवा तिची वैरी. ओल धरणे हा तिचा जन्मदोष. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरच्या दारूखान्याबद्दल जे सांगितले आहे ते आजही वाचताना अंगावर येते इतके व्यवहारी आहे: दारूखाना घरांपासून लांब असावा, त्याला ओल लागू नये, आणि ठरावीक दिवसांनी दारू बाहेर काढून तिला ऊन द्यावे. पावसाळ्यात मडक्यामडक्यातली दारू वेगवेगळी ओल धरते. एकाच उन्हात पसरली की ती पुन्हा एका पातळीवर येते. आजच्या कारखान्यातली आर्द्रतेची खोली हेच काम करते.

युरोपात सतराव्या शतकाच्या अखेरीस दारू पारखण्याची रीत ठरली होती. ठरावीक वजनाची थोडीशी दारू छोट्या उखळी तोफेत घालायची, वर जड गोळा ठेवायचा आणि पेटवायची. गोळा नेमून दिलेल्या अंतरापलीकडे पडला तर तो माल सरकारी कोठारात, नाहीतर परत. मग बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १७४२ मध्ये गोळीचा वेगच मोजून दाखवला. जड लोलक टांगायचा, त्यात गोळी मारायची आणि लोलक किती झुलला यावरून वेग काढायचा. डोळ्याला न दिसणारी गती त्याने एका झोक्यात पकडली. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांची तटबंदी सुधारायला हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला. राक्षसभुवनच्या लढाईला तेव्हा बारा वर्षे अवकाश होता.

महाराष्ट्र आज या विद्येचे मोठे घर आहे. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे. भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत बंदुकांची आणि तोफांची चालक दारू बनते. स्फोटकांवर देखरेख करणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपूरला आहे. परवान्याशिवाय काडतुसे बनवणे शस्त्र अधिनियम १९५९ नुसार गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे असे मला वाटते. तराजू आणि पुस्तक एवढ्यावर दाबाचा अंदाज बांधणे हा घरात करायचा प्रयोग नाही. जिथे सगळी साधने, सगळे नियम आणि सगळी माणसे तयारीची असतात तिथेही हे द्रव्य माफ करत नाही. जवाहरनगरला २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात किमान आठ कामगार गेले. आपण ज्याला सहज लॉट म्हणतो त्याच्यामागे अशी माणसे उभी असतात.

आपल्याकडे लॉटचा हा विचार सर्वांत जवळून कळतो तो नेमबाजांना. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवले. त्या लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे करंगळीच्या नखाएवढे, आणि ते ५० मीटरवर. या खेळातली पॉइंट टू-टू काडतुसे पुन्हा भरता येत नाहीत. तिथे दारूची मिसळ कारखान्यातच संपलेली असते. तरीही एका लॉटची काडतुसे एका रायफलीतून दाट पुंजका करतात आणि तीच काडतुसे दुसऱ्या रायफलीतून थोडी पसरतात. म्हणून वरच्या दर्जाचे नेमबाज आपली रायफल घेऊन निर्मात्यांच्या चाचणी-रेंजवर जातात. नळी शिकंजात आवळून एकामागून एक लॉट झाडून पाहतात आणि ज्या लॉटचा पुंजका सर्वांत दाट येतो त्या लॉटची हजारो काडतुसे एकदम घेऊन ठेवतात. तो लॉट संपला की शोध पुन्हा पहिल्यापासून. इतके काटेकोर मिसळूनही उरलेला जो अंश असतो, त्याच्याशी ही मुले-मुली खेळत असतात.

तोफखान्यात हाच अंश शेतांच्या मापाने मोजावा लागतो. हवेचा अडथळा बाजूला ठेवला तर पल्ला वेगाच्या वर्गाने वाढतो. वेगात एक टक्का फरक म्हणजे पल्ल्यात दोन टक्के, म्हणजे २० किलोमीटरवर ४०० मीटर. प्रत्यक्ष हवेत हा आकडा कमी होतो, तरी गोळा एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर जाण्याइतका तो उरतोच. म्हणून तोफेच्या ठाण्यावर वेगवेगळ्या लॉटांच्या दारूच्या पिशव्या वेगळ्या रचतात, एका माऱ्यात शक्यतो एकच लॉट वापरतात आणि लॉट बदलला की वेगाची दुरुस्ती नव्याने धरतात. मैदानात मिसळायचे नाही. मिसळायचे ते कारखान्यात, मोजमापाखाली.

आणि एक फरक असा आहे की तो मिसळूनही जात नाही: वय. आम्लाने घडवलेला कापूस कधीच पूर्ण शांत होत नाही. तो वर्षानुवर्षे कणाकणाने विघटित होत राहतो, त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे सुटतात आणि ती ऑक्साइडे विघटन आणखी वाढवतात. त्यांना टिपून घेण्यासाठी दारूत डायफेनिलअमाइनसारखा स्थिरक घालतात. उष्णता वाढली की तो लवकर खर्ची पडतो. आपल्या मराठवाड्यातल्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेली दारू थंड कोठारातल्या दारूपेक्षा कितीतरी वेगाने म्हातारी होते. फ्रान्सने ही किंमत मोजली. तुलों बंदरात १९०७ मध्ये 'इएना' आणि १९११ मध्ये 'लिबर्ते' या युद्धनौका आपल्याच कोठारातल्या दारूने उडाल्या. पहिलीत शंभराहून अधिक आणि दुसरीत दोनशेहून अधिक माणसे गेली, आणि दोन्ही वेळा बोट त्या सडलेल्या दारूकडेच दाखवले गेले.

जलद लॉटमध्ये मंद लॉट घातला की सरासरी निघते. सडू लागलेल्या लॉटमध्ये ताजा लॉट घातला तर जुन्याचे विघटन थांबत नाही. ते फक्त चांगल्या मालाच्या मधोमध जाऊन बसते, आणि कुठे बसले हेही मग ओळखता येत नाही. म्हणून प्रत्येक लॉटचा नमुना कोठारात वेगळा राखून ठेवतात, ठरावीक काळाने त्यात स्थिरक किती उरला हे तपासतात, आणि तो मर्यादेच्या खाली गेला की त्या क्रमांकाचा सगळा माल, तो दिसायला कितीही चांगला असला तरी, उघड्या माळावर देखरेखीखाली जाळून टाकतात.